तोडग्याची कैफियत

यूएसबी कंट्रोलरच्या सदोष चिपांना सांभाळून घेण्यासाठी ऑपरेटिंग सिस्टिमच्या ड्रायव्हरांमध्ये जे तोडगे वर्षानुवर्षे साठत आले आहेत, त्यांच्याविरुद्ध या शास्त्रातील काही जाणत्या मंडळींची फिर्याद जुनी आहे. आणि फिर्यादी आपापल्या कामात वाकबगार असल्यामुळे तिची वासलात नुसत्या उपहासाने लावणे न्यायाचे होणार नाही. त्यांच्या म्हणण्याचा इत्यर्थ असा : मानक हा चिप घडवणारा आणि ड्रायव्हर लिहिणारा यांच्यामधला करार आहे, आणि एका पक्षाने तो मोडला असता दुसऱ्याने निमूटपणे तूट भरून काढणे म्हणजे करारच निकालात काढणे होय. आपण काहीही विकले तरी कोणीतरी रात्री जागून ते चालते करणारच आहे, हे उत्पादकाला एकदा उमगले की तपासणीवर पैसा खर्च करण्याचे त्याला प्रयोजन उरत नाही. शिवाय या साऱ्या उपद्व्यापात ड्रायव्हरची मूळची सुबक रचना झाकोळून जाते, आणि ज्यांची चिप निर्दोष आहे त्यांनाही त्या ओझ्याचा भुर्दंड पडतो. तेव्हा ड्रायव्हरने मानकाबरहुकूम वागावे, जी चिप तसे वागत नाही ती बंद पडू द्यावी, आणि ग्राहकाने ती विकणाऱ्याला परत करून आपले पैसे मागून घ्यावेत, असा फिर्यादींचा निवाडा आहे.

हा निवाडा वरकरणी जितका सात्त्विक वाटतो तितकाच तो व्यवहारात अन्याय्य आहे, असे आमचे म्हणणे आहे. नीट लिहिलेला तोडगा म्हणजे दोषाची दप्तरी झालेली जाहीर नोंद होय. ती नोंद करण्याचे नाकारल्याने ज्याने कसूर केली त्याच्या केसालाही धक्का लागत नाही, आणि ज्याने कसूर केली नाही त्याच्यावर मात्र शिक्षेची अंमलबजावणी होते. फिर्यादीतील तिन्ही कलमांचा क्रमाने परामर्श घेतला म्हणजे हे दिसून येईल.

तत्पूर्वी वस्तुस्थिती थोडक्यात सांगणे अवश्य आहे. संगणकाचा प्रोसेसर आणि बाहेरचे पोर्ट यांच्यामध्ये यूएसबी कंट्रोलर नावाची चिप बसलेली असते. ड्रायव्हर मेमरीत कामांची यादी मांडून ठेवतो. कंट्रोलर ती यादी प्रोसेसरला न विचारता थेट वाचतो, पेनड्राइव्हकडून किंवा कीबोर्डकडून आलेली माहिती मेमरीत नेमून दिलेल्या पत्त्यावर ठेवतो, आणि काम झाल्याची वर्दी इंटरप्टच्या द्वारे देतो. १९९६ मध्ये यूएसबीची पहिली आवृत्ती निघाली तेव्हापासूनच या चिपशी बोलण्याची रीत एक नव्हती. इंटेलची यूएचसीआय ही एक, आणि कॉम्पॅक, मायक्रोसॉफ्ट व नॅशनल सेमिकंडक्टर यांनी मिळून आखलेली ओएचसीआय ही दुसरी. पुढे २००० च्या यूएसबी २.० बरोबर ईएचसीआय आली, आणि २००८ च्या यूएसबी ३.० साठी एक्सएचसीआय. रीत कोणतीही असो, यादी वाचण्यात, पत्ता धरण्यात किंवा वर्दी देण्यात चिपने चूक केली तर ती ड्रायव्हरला सांगण्यासाठी तिसरा साक्षीदार तेथे कोणी नसतो.

आता पहिले कलम. मानक हा करार आहे हे आम्हांस मान्य आहे. परंतु कोणता करार, हा प्रश्न फिर्यादी विचारीतच नाहीत. एनईसी कंपनीने यूएसबी ३.० चा पहिला कंट्रोलर २००९ मध्ये जाहीर केला, आणि एक्सएचसीआय मानकाची १.० ही आवृत्ती निघाली मे २०१० मध्ये. म्हणजे माल आधी तयार झाला आणि कराराचा पक्का कागद मागाहून आला. कामांच्या यादीचा एक तुकडा संपून पुढचा कोठे सुरू होतो हे सांगणारी जी दुव्याची नोंद असते, तिच्यातील एक बिट ०.९५ क्रमांकाच्या मसुद्याप्रमाणे बांधलेल्या चिपांना सदैव लागलेला हवा असतो, पुढच्या चिपांची तशी अट नाही. हातात असलेल्या मसुद्याशी इमान राखून घडवलेली ही चिप कराराचा भंग करणारी ठरवायची असेल, तर भंग झालेला करार तिच्या जन्माच्या वेळी अस्तित्वात नव्हता, ही अडचण आधी दूर करावी लागेल.

कित्येक ठिकाणी तर मानकच मौन धारण करून बसलेले असते. पोर्टमधून मर्यादेबाहेर वीज वाहू लागली की कंट्रोलर एका बिटाने धोक्याची खूण करतो. इंटेलचे यूएचसीआय कंट्रोलर हा बिट लावून ती खूण करतात, तर व्हीआयएचे कंट्रोलर नेमका तोच बिट उतरवून. यूएचसीआयच्या मानकात याविषयी निर्णय दिलेलाच नाही. ड्रायव्हर चिपचे कुळ पाहून बिटाचा अर्थ फिरवून घेतो, आणि तसे न करील तर सुरक्षित पोर्टला धोका झाला असे मानील किंवा धोक्यातल्या पोर्टला सुरक्षित म्हणेल. येथे कसूर कोणाची आणि करार कोणी मोडला, याचे उत्तर फिर्यादींनी द्यावे.

परंतु मानकनिष्ठेची खरी परीक्षा पाहायची असेल तर एचपीच्या झेड४२०, झेड६२०, झेड८२० आणि झेड१ या वर्कस्टेशनांचे उदाहरण जवळून तपासण्यासारखे आहे. या यंत्रांत कंट्रोलर आणि पोर्ट यांच्या दरम्यान, वाटेत क्षीण होणारा सिग्नल पुन्हा बळकट करण्यासाठी, टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सची एक री-ड्रायव्हर चिप बसवलेली असते. पोर्टमध्ये यूएसबी ३.० चे उपकरण खोचले की दोन्ही टोकांनी परस्परांना ओळखून संधान बांधायचे असते, आणि त्याला काळाची मर्यादा असते; या री-ड्रायव्हरमुळे तेथे कधीकधी विलंब होतो, मर्यादा उलटते, आणि पोर्ट एका अशा अवस्थेत जाऊन पडतो की जी मुळात प्रयोगशाळेत विद्युत्-चाचणी घेण्यासाठी राखून ठेवलेली आहे. त्यानंतर त्या पोर्टमध्ये काहीही खोचा वा काढा, त्याला त्याची जाणीव होत नाही. आणि मौज अशी, की या अवस्थेत शिरताना कंट्रोलरने कोणतीही वर्दी देऊ नये असे खुद्द एक्सएचसीआयच्या मानकानेच ठरवलेले आहे! म्हणजे ड्रायव्हर जितका अधिक मानकनिष्ठ, तितका तो पोर्ट अधिक निश्चितपणे मेलेला.

यावर लिनक्स कर्नलमध्ये जो तोडगा करण्यात आला, त्यातील संयम पाहावा. या चार यंत्रांचे नाव आढळले तरच ड्रायव्हर एक घड्याळ लावतो, दर दोन सेकंदांनी प्रत्येक यूएसबी ३.० पोर्टची अवस्था विचारतो, एखादा पोर्ट त्या चाचणी-अवस्थेत अडकलेला दिसला तर त्याला नव्याने सुरुवात करून देतो. आणि सगळे पोर्ट एकदा का सुरळीत चालू अवस्थेत येऊन गेले की ते घड्याळ स्वतःच मोडीत काढतो. इतर कोणत्याही यंत्रात त्या घड्याळाची टिकटिकसुद्धा होत नाही. हा तोडगा टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सच्याच अभियंत्याकडून आला, हेही येथे नमूद केले पाहिजे. कारण दुसऱ्या कलमाचा विचार करताना त्याचा उपयोग होणार आहे.

ते दुसरे कलम असे, की तोडग्यांमुळे उत्पादक सोकावतो. येथे फिर्यादी एक गोष्ट गृहीत धरून चालतात : ड्रायव्हरने असहकार केला की दोषी चिप बाजारातून उठेल. प्रत्यक्षात चिपमधील दोष सिलिकॉनमध्ये कोरलेला असतो, तो विकल्यानंतर बदलता येत नाही, आणि नवी आवृत्ती काढणे किंवा विकलेला माल परत घेणे हा निर्णय उत्पादक आपल्या हिशेबाने करतो. इंटेलने ३१ जानेवारी २०११ रोजी आपल्या नव्या चिपसेटमधील साटा पोर्टचा दोष जाहीर करून पुरवठा थांबवला, आणि दुरुस्ती व बदली यांचा खर्च सुमारे ७० कोटी डॉलर होईल असा अंदाज दिला. माल बाजारात येऊन तेव्हा काही आठवडेच झाले होते, आणि तो दोष काळाबरोबर वाढत जाणारा होता. उलट २०१३ मध्ये तिच्याच पुढच्या एका चिपसेटमध्ये, संगणक झोपेतून उठला की काही यूएसबी ३.० पेनड्राइव्ह दिसेनासे होतात असे आढळले, तेव्हा तोच माल विक्रीला गेला आणि दुरुस्ती मागाहूनच्या आवृत्तीत करण्यात आली. दोन्ही वेळी कंपनी एकच आणि न्याय मात्र वेगवेगळा; आणि दोहोंपैकी एकाही निर्णयात ड्रायव्हर लिहिणाऱ्याच्या करारीपणाचा लवलेशही संबंध नव्हता.

मग शिक्षा कोणाला होते? मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून जुन्या संगणकासाठी यूएसबी ३.० चे कार्ड घेणाऱ्या माणसाला खोक्यावर कार्डाच्या कंपनीचे नाव दिसते, आत कोणाची चिप आहे हे बहुधा दिसत नाही. आणि दिसले तरी त्या चिपची कोणती आवृत्ती कोठे अडखळते हे त्याने कोठून जाणावे? एएसमीडियाच्या काही कंट्रोलरांचा प्रकार येथे ध्यानात घेण्यासारखा आहे. आपण मेमरीचे ६४ बिटांचे पूर्ण पत्ते हाताळू शकतो असे ही चिप ड्रायव्हरला सांगते, परंतु तितके बिट धरण्याची तिची वास्तविक पात्रता नाही. वरचे बिट वापरणाऱ्या यंत्रात तिला एक पत्ता द्यावा आणि तिने भलत्याच ठिकाणी लिहावे, असा परिणाम होऊ शकतो. यंत्र बंद पडत नाही, तक्रारीचा शब्दही उमटत नाही, आणि कोणाची तरी मेमरी गुपचूप बिघडते. २०२० मध्ये लिनक्समध्ये यावर जो तोडगा आला तो इतकाच, की या चिपचा हा दावा खरा मानू नये व तिला खालच्या पत्त्यांतच काम द्यावे. मानकाचा मान राखण्यासाठी ड्रायव्हरने तो दावा खरा मानून चालावे, असे फिर्यादींना म्हणायचे असेल तर ते त्यांनी उघडपणे म्हणावे. मात्र त्या तत्त्वाची किंमत एएसमीडियाने नव्हे, तर आपली कागदपत्रे त्या यंत्रावर ठेवणाऱ्याने मोजायची आहे, हेही त्याबरोबर सांगावे.

चांगले यंत्र घ्या, हा उपदेश करणाऱ्यांनी आणखी एका वस्तुस्थितीकडे पाहावे. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी रास्पबेरी पाय हा ३५ डॉलरचा संगणक निघाला. त्याचा यूएसबी कंट्रोलर काळाचे पुष्कळसे नियोजन स्वतः न करता सॉफ्टवेअरवर सोपवतो, आणि यूएसबी २.० चा प्रत्येक सूक्ष्मकालखंड १२५ मायक्रोसेकंदांचा असल्यामुळे सेकंदाला ८,००० वेळा प्रोसेसरचे दार ठोठावतो. प्रोसेसरला थोडा उशीर झाला की कीबोर्डचे किंवा माउसचे काम अर्धवट राहावे, असा प्रारंभी प्रकार होई. पुढे प्रोसेसरच्या अतिजलद इंटरप्टचा आधार घेऊन ड्रायव्हर पुन्हा रचण्यात आला आणि तो त्रास बराचसा मिटला. याच नियोजनाचा भार स्वतः उचलणारा कंट्रोलर घालावा हे म्हणणे शास्त्रदृष्ट्या बरोबरच आहे. तथापि ते ऐकून ज्या विद्यार्थ्याच्या हाती तो संगणक आधीच पडला आहे त्याचा कीबोर्ड चालू लागत नाही.

आता उत्पादक सोकावतो की नाही हे पुराव्यावरून ठरवू. विंडोज ७ मध्ये एक्सएचसीआयसाठी मायक्रोसॉफ्टचा अंगभूत ड्रायव्हर नव्हता, तो २०१२ च्या विंडोज ८ मध्ये आला. मधल्या काळात प्रत्येक चिपचा उत्पादक आपापला ड्रायव्हर देई, आणि आपल्या चिपचे एखादे वैगुण्य त्याने त्या बंद ड्रायव्हरात पोटात घातले असेल तर ते बाहेरच्याला कळण्यास मार्ग नव्हता. उत्पादक सोकावत असेल तर तो अशा अंधारात सोकावतो. खुल्या ड्रायव्हरात काय घडते पाहा : फ्रेस्को लॉजिकच्या एका कंट्रोलरविषयी लिनक्सच्या मूळ लिखाणात उघड टीप आहे, की या चिपच्या कोणत्याही आवृत्तीला आधुनिक पद्धतीचे इंटरप्ट देता येत नाहीत, काही आवृत्त्या तसा दावा करीत असल्या तरीही, आणि ही गोष्ट खुद्द कंपनीने कबूल केलेली आहे. इंटेलच्या डीएच७७ईबी आणि डीएच७७डीएफ या बोर्डांविषयी तितक्याच उघडपणे लिहिलेले आहे, की संगणक बंद केला असता काही सेकंदांनी तो आपण होऊन पुन्हा सुरू होतो, सबब बंद होताना सगळे पोर्ट एक्सएचसीआयकडून काढून ईएचसीआयच्या ताब्यात द्यावेत. आणि हा ड्रायव्हर मुळात इंटेलमध्येच लिहिला गेलेला आहे, जसा एचपीच्या यंत्रांवरचा तोडगा टेक्सस इन्स्ट्रुमेंट्समधून आला. ज्या दप्तरात आपल्या मालाची बेअब्रू आपल्याच हाताने नोंदवावी लागते, त्या दप्तराने कोणी सोकावेल हे आम्हांस पटत नाही.

आपल्याकडील शेतकऱ्याला ही गोष्ट सहज समजेल. सातबाऱ्याच्या इतर हक्कांच्या रकान्यात बोजा चढवला म्हणून तो बोजा निर्माण होत नाही, तो आधीपासून असतोच. नोंदीमुळे इतकेच होते, की पुढे जमीन घेणारा डोळे उघडे ठेवून घेतो. बोजाची नोंद करू नका, म्हणजे लोक कर्ज काढायचे थांबतील, असा सल्ला जर कोणी तलाठ्याला दिला, तर त्याची जी संभावना होईल तीच या दुसऱ्या कलमाची व्हावी.

तिसरे कलम मात्र पोकळ नाही, आणि त्याला दाद दिलीच पाहिजे. लिनक्सच्या एक्सएचसीआय ड्रायव्हरात एकेका दोषासाठी एकेक बिट राखून ठेवण्याची पद्धत आहे. आरंभी त्यासाठी ३२ बिटांची जागा होती, ती २०१८ मध्ये संपली आणि ६४ बिटांची करावी लागली. निमित्त झाले ते रेनेसासच्या काही कंट्रोलरांचे : ६४ बिटांचे पत्ते भरलेले असताना त्यांना रीसेट केले, तर पत्त्याचा वरचा अर्धा भाग ते बाहेरून न दिसणाऱ्या जागी तसाच धरून ठेवतात आणि पुढे विचित्र वागू लागतात, म्हणून रीसेटपूर्वी ते पत्ते हाताने पुसून घ्यावे लागतात. बत्तीस बिट अपुरे पडावेत ही या उद्योगाला भूषणावह गोष्ट नव्हे. परंतु वह्या भरल्या म्हणून कारकुनाला बडतर्फ करण्याची रीत कोठे ऐकिवात नाही. आणि निर्दोष चिपवर ओझे पडते हा आक्षेप बहुतांशी वस्तुस्थितीला धरून नाही, कारण ड्रायव्हर सुरुवातीलाच चिपचा उत्पादक-क्रमांक व नग-क्रमांक पाहतो, आणि जुळला नाही तर तोडग्याच्या वाटेला जातच नाही. व्हीआयएच्या व्हीटी६२१२ या जुन्या चिपवरचा तोडगा तर एका बिटाचा आहे : दोन कामांमधली विश्रांती ती मुळात एकच मायक्रोसेकंद घेई आणि सगळी पीसीआय बस अडवून बसे, ती रूढ दहा मायक्रोसेकंदांवर आणली की संगणकातील बाकीची यंत्रसामग्री मोकळी होते. एवढ्याशा बिटाने ड्रायव्हरची रचना ढासळत असेल तर ती मुळात भक्कम नव्हती.

भुर्दंडाचा आक्षेप जेथे खरा ठरतो ते ठिकाण निराळे आहे. हार्ड डिस्क यूएसबीला जोडणाऱ्या एएसमीडियाच्या दोन पूल-चिपांपैकी एएसएम१०५१ हिची जलद हस्तांतराची पद्धत बिघडलेली, आणि एएसएम१०५३ हिची चांगली. पण सुरुवातीच्या काळात दोघींनी ओळख-क्रमांक एकच धारण केला. यूएसबी ३.० च्या पोर्टवर त्या समांतर प्रवाह किती चालवू शकतात हे पाहून काही अदमास बांधता येतो, यूएसबी २.० च्या पोर्टवर तीही खूण नाहीशी होते, आणि तेथे ड्रायव्हर संशयिताला सरसकट दोषी धरून जलद पद्धत बंद ठेवतो. निरपराध चिपला यात झळ लागू शकते हे आम्ही नाकारीत नाही. परंतु भल्याबुऱ्याची एकच ओळख ठेवणाराच या अन्यायाचा कर्ता आहे, आणि माहितीचे तुकडे होण्यापेक्षा ती सावकाश पण शाबूत पोहोचणे बरे, असे कोणताही शहाणा माणूस म्हणेल.

सबब, तोडग्यांना आमचा पाठिंबा बिनशर्त नाही. तोडगा नेमक्या चिपपुरता असावा, आणि एका आवृत्तीचा दोष असेल तर अख्ख्या घराण्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नये. दोष काय, तो कसा आढळला आणि उत्पादकाने काय कबूल केले हे तोडग्याशेजारीच लिहिलेले असावे, कारण निनावी तोडगा दहा वर्षांनी दुसऱ्याच कोणाला तरी भुतासारखा छळतो. तोडगा लागू झाल्याचे ड्रायव्हरने नोंदवहीत उमटवावे, म्हणजे शोधणाऱ्याला कारण सापडेल. आणि गरज संपली की तो निघून जाईल अशी त्याची रचना असावी, ज्याचा उत्तम नमुना वर सांगितलेल्या एचपीच्या घड्याळात आहे. या शर्ती न पाळता अंदाजाने, दोषाचे मूळ न शोधता, नुसते चालते म्हणून टाकलेले तोडगे जेथे आढळतील तेथे फिर्यादींनी खुशाल कुऱ्हाड चालवावी. त्या कामात आम्ही त्यांच्याबरोबर आहोत.

बाकी फिर्याद चुकीच्या कचेरीत दाखल झाली आहे. इंटेलसारख्या कंपन्या आपल्या चिपांची दोषपत्रके प्रसिद्ध करतात, परंतु लहानमोठ्या कित्येक उत्पादकांच्या चिपांचे वैगुण्य पहिल्यांदा कळते ते कोणा ग्राहकाची डिस्क गळून पडल्यावर. फिर्यादींच्या ठायी जो तत्त्वनिष्ठेचा ताप आहे तो त्यांनी या उत्पादकांच्या दारी खर्च करावा : प्रत्येक चिपचे दोषपत्रक जाहीर करा, प्रत्येक आवृत्तीला वेगळा ओळख-क्रमांक द्या, जे चिपला येत नाही ते येते म्हणून सांगू नका, अशी मागणी लावून धरावी. ती मान्य झाली तर नवे तोडगे लिहिण्याचे कारण पुष्कळ कमी होईल. तोवर, ज्याच्या टेबलावर सदोष चिपचा संगणक आहे आणि ज्याला तो बदलण्याची ऐपत नाही, त्याची माहिती सुखरूप ठेवणे हे ड्रायव्हर लिहिणाऱ्याचे पहिले कर्तव्य आहे, आणि ते बजावल्याबद्दल त्याने कोणाचीही माफी मागण्याचे कारण नाही.